उभ्या बोटींचा धूर

“बसव ना गं, काय एवढं!”

कुठल्याही कचेरीत जा, सरकारी असो नाहीतर खासगी, दिवसातून दहादा हे वाक्य कानावर पडतं. वरची बेरीज खालच्या बेरजेशी जुळत नाही? बसव. एका महिन्याची माहितीच आलेली नाही? मागच्या महिन्याची बघ आणि बसव. बसवणाऱ्यालाही आपण काही वावगं करतोय असं वाटत नाही. उलट साहेब चारचौघांत पाठ थोपटतात, की ही मुलगी कामाला अडून राहत नाही. आता खरं सांगा वाचकहो, असा एकही आकडा आपण कधी बसवला नाही, असं तुमच्या-माझ्यातले किती जण छातीठोक सांगतील? मी तर हात वर करणार नाही!

किशोरी अशीच पाठ थोपटून घेतलेली मुलगी. माहेर आपट्याचं, सासर कामोठ्याचं आणि नोकरी जुन्या पनवेलच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. खाली दिवसभर पितळ ठणठणायचं आणि वर सात माणसं कॉम्प्युटरसमोर बसून जहाजांचा धूर मोजायची. हसू नका, खरंच मोजायची! जहाजावर रोज दुपारी बारा वाजता एक तक्ता भरतात. कुठे पोचलो, किती मैल चाललो, किती तेल जाळलं. ते तक्ते ईमेलने पनवेलला यायचे. जळलेल्या तेलाला एका ठरावीक आकड्याने गुणलं की किती कार्बन हवेत गेला ते निघतं. वर्षाअखेर त्याचा अहवाल त्या त्या देशाला जायचा.

त्यातलाच एक देश अगदी चिमुकला, बेटांचा. नकाशावर पेन्सिल टेकवली तर टोकाखाली झाकला जाईल एवढा. सगळा संसार मासळीवर. शीतगृहात मासळी भरून नेणाऱ्या त्यांच्या बोटी होत्या आणि बोटी लागायला धक्का एकच. या देशाचं काम चार वर्षं किशोरीकडे होतं, आणि ते तिचं लाडकं काम होतं, कारण त्याचा आलेख दर वर्षी खाली येत होता! २०१३ ते २०१६, कार्बनमध्ये सहा टक्के घट. बाकीच्या देशांचे आलेख वर चढत असताना ही एक रेघ गुणी लेकरासारखी खाली उतरत होती. कचेरीचे प्रमुख शैलेशसर. त्यांनी तो आलेख मोठा छापून दारासमोरच्या भिंतीवर लावला होता. पाहुणा आला की ते आधी आलेख दाखवायचे आणि मग पाणी विचारायचे.

२०१७ चा फेब्रुवारी उजाडला आणि सरांनी किशोरीला केबिनमध्ये बोलावलं.

“चार वर्षांचा एकत्र अहवाल महिनाअखेर जाऊ दे. त्यांच्या बंदर खात्याशी व्हिडिओवर मीटिंग आहे, प्रेझेंटेशन तूच दे. ते नीट झालं की एप्रिलपासून तू परमनंट. आणि टीम लीडर. लेटर टाईप करून ठेवलंय मी.”

पाच वर्षं ती कंत्राटावर होती. दर अकरा महिन्यांनी नवी सही आणि दर अकरा महिन्यांनी पोटात गोळा. त्या संध्याकाळी ती घरी पोचली ती हवेतूनच. नवऱ्याला सांगून झालं, सासूबाईंना सांगून झालं, समोरच्या फ्लॅटमधल्या दमयंतीकाकूंना तर चप्पल काढायच्या आधीच सांगून झालं.

आणि दुसऱ्या दिवशी झकेरिया चाचा कचेरीत आले.

चाचा राहायचे पनवेलच्या मोहल्ल्यात. चौतीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढून, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. इंजिनातल्या गोष्टी या मुलांना समजावायला आठवड्यातून दोन दुपारी यायचे. त्या चौतीस वर्षांच्या गडगडाटाने त्यांचा डावा कान गेला होता आणि आवाज असा चढला होता, की चाचा कुजबुजले तरी खालचा भांडीवाला वर बघायचा.

किशोरीने त्यांना कौतुकाने आलेख दाखवला. चाचांनी तो पाहिला आणि विचारलं, “बोटी किती?”

“तेरा साली दहा होत्या. सोळा साली चौदा झाल्या.”

“चार बोटी वाढल्या आणि धूर कमी झाला?” चाचा गरजले. “वा रे वा! कुठल्या पीराचं ताबीज बांधलंय त्यांच्या चिमणीला?”

सगळी कचेरी खो खो हसली. किशोरी ओशाळली.

“हळू बोला ना, चाचा!”

“हळूच बोलतोय!”

“अहो, धक्का एकच आहे. नंबर लागेपर्यंत बोटी उभ्या राहतात. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस उभ्याच असतात आता. उभी बोट म्हणजे इंजिन बंद. म्हणून तेल कमी.”

“उभ्या दिवसाचं तेल किती लिहिलंस?”

“शून्य.”

चाचांनी चष्मा काढून हातात घेतला. “हे शून्य कॅप्टनने लिहून पाठवलं?”

कॅप्टनने नव्हतं पाठवलं. कॅप्टनचा तक्ता प्रवासाचा. बोट उभी असली की तेलाचा रकाना तो कोराच सोडायचा. पहिल्या वर्षी त्या कोऱ्या रकान्यांनी कचेरीच्या प्रोग्रॅमची बेरीज अडली, तेव्हा किशोरीने सरांना विचारलं होतं, आणि सर फोनवर बोलता बोलता म्हणाले होते, “बसव ना गं, काय एवढं! उभी आहे ना? मग शून्य टाक.” तिने शून्य टाकलं. बेरीज झाली. दुसऱ्या वर्षी नव्या मुलीने विचारलं तेव्हा तिला सांगितलं गेलं, की उभ्या दिवसाला शून्य, हा किशोरीचा नियम. अशी चार वर्षं गेली.

“बेटी, मोठं इंजिन बंद असतं, कबूल,” चाचा म्हणाले. “पण जनरेटर? चारशे टन मासळी गोठवून ठेवायची तर ती फुंकर मारून गोठवणार का? उभ्या बोटीचे जनरेटर दिवसरात्र तेल पितात!”

“सगळीकडे असंच करतात, चाचा,” किशोरी तडकून म्हणाली. खरं तर सगळीकडे काय करतात ते तिला कुठे ठाऊक होतं! पण चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं, की माणूस असंच बोलतो.

चाचा रागावले नाहीत. म्हणाले, “रविवारी उरणला ये. माझी बहीण आसिया तिथं असते. तिच्याकडे जेव आणि किनाऱ्यावर एक नजर टाक. मी काही शिकवणार नाही.”

रविवारी नवऱ्याच्या मोटारसायकलवरून किशोरी उरणला गेली, ती चाचांना खोटं पाडायच्या इराद्यानेच. किनाऱ्यावरून दूर समुद्रात तीन मोठी जहाजं नांगर टाकून उभी दिसत होती. ढिम्म! हलणं नाही की डुलणं नाही. “बघा, बंद आहेत,” ती चाचांना म्हणाली.

जवळच गुणाबाई कोळीण वाळत घातलेले बोंबील उलटे करत होती. तिने मान वर केली.

“बंद हाय असा कोन बोलला तुला, बाय?”

“चालत नाहीये ना ती.”

“चालत नाय म्हनून बंद? आतमंदी मानसा हायेत का नाय? ती जेवत नसतील? अंधारात बसत असतील?” गुणाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आमचा घोव व्हरी घेवून मासली धराया जातो तवा त्या जहाजाच्या जवळून जातो. सांगतो, लई लांब असला तरी घुर्र घुर्र आयकू येते. जरा नीट बघ. वरती काय दिसते तुला?”

किशोरीने डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं. मधल्या जहाजाच्या चिमणीतून धुराची बारीक, करडी दोरी वर जात होती. फार नव्हता धूर. पण शून्य नव्हता! तो क्षणभर येऊन थांबलाही नाही, ती पाहत होती तोवर निघतच राहिला.

आसियाबीने मायेने जेवण वाढलं, पण किशोरीचं लक्ष ताटात नव्हतं. तिच्या डोक्यात गुणाकार सुरू झाला होता. चौदा बोटी, वर्षाचे एकशे नव्वद उभे दिवस, आणि प्रत्येक दिवसापुढे तिच्या हाताने लिहिलेलं शून्य.

सोमवारी तिने कुणाला न विचारता चौदाही बोटींच्या इंजिनखोल्यांना ईमेल पाठवली. उभ्या दिवसांचं जनरेटरचं तेल तुमच्या वहीत असेल, ते कळवा. आठवडाभरात दहा बोटींची उत्तरं आली. चौघी गप्प राहिल्या. जेवढं आलं तेवढंच घालून तिने पुन्हा गणित केलं, तीनदा केलं. रेघ खाली जातच नव्हती. चार वर्षांत निदान पंधरा टक्क्यांनी ती वर चढली होती, आणि गप्प राहिलेल्या चार बोटींचा धूर त्यात धरलेलाही नव्हता.

खोटं कशाला सांगू, त्या वेळी किशोरीला पहिली आठवण आली ती देशाची नाही, धुराची नाही, त्या टाईप केलेल्या पत्राची. मीटिंग चार दिवसांवर होती. ती फाईल बंद करून गप्प बसली असती, तर जगात कुणालाही पत्ता लागला नसता. चाचा कितीही ओरडले तरी त्यांचं कोण ऐकतंय? कॉम्प्युटरसमोर बसून तिला रडू आलं. पाच वर्षं घासली आणि हाताशी आलेलं आपल्याच हाताने घालवायचं? डोळे पुसून ती उठली आणि केबिनचं दार ढकललं.

शैलेशसर काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“किशोरी, आत्ता हे काढू नकोस. यावर्षीपासून नवी पद्धत लावू. खाली बारीक अक्षरात टीप टाकू. झालं!”

“पण सर, त्या चार वर्षांचं काय?”

“अगं, टिकलीएवढा देश तो! त्यांनी सगळ्या बोटी उद्या बुडवल्या तरी जगाच्या हवेला फरक पडणार नाही. मोठे देश ढगाएवढा धूर सोडतात आणि आपण या चौदा बोटी मोजत बसायचं? कुणाचं काय बिघडलं?”

दाराबाहेर चाचा आले होते. त्यांचा उजवा कान मात्र शाबूत होता.

“शैलेश, आत येऊ?” म्हणत ते आलेच. “जगाचं बिघडत नाही, कबूल. त्या लोकांचं बिघडतं. तुला एक माझीच गोष्ट सांगतो, चौतीस वर्षांत कुणाला सांगितली नाही. आम्ही चीफ इंजिनिअर लोक थोडं तेल लपवून ठेवायचो. टाकीत असायचं शंभर टन, लिहायचो ऐंशी. म्हणजे अडीअडचणीला वीस टन हाताशी. सगळेच करायचे, कुणाला पाप वाटत नव्हतं. आणि एखाद्याने ते लपवलेलं संपवून वर आणखी तेल जाळलं, की तो उलटं लिहायचा. टाकीत साठ, कागदावर ऐंशी. पुढे भरून काढू म्हणायचा. एकदा मी एका जहाजावर नवा चढलो. आधीच्या माणसाने ऐंशी लिहून दिले, मी सही केली. भर समुद्रात, बंदर दोन दिवस लांब असताना जनरेटर बंद पडले. बावीस माणसं, वादळी हवा, आणि जहाजात काळोख! सहा तास आम्ही वाहत होतो. शैलेश, कागदावर तेल होतं रे. टाकीत नव्हतं.”

खाली भांड्यांच्या दुकानातही ठणठण थांबली होती. सगळ्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

“आधीचा माणूस वाईट होता?” चाचा म्हणाले. “नाही. त्याने फक्त एक आकडा बसवला होता, आणि मीही आयुष्यभर तेच करत आलो होतो. त्या दिवसापासून मी जेवढं आहे तेवढंच लिहिलं. कॅप्टन चिडले, कंपनीने दोनदा पगारवाढ अडवली. पण माझ्या जागी येणाऱ्याला मी कधी काळोखात ढकललं नाही.”

सर म्हणाले, “चाचा, वर हेड ऑफिसला उत्तर मला द्यायचंय, तुम्हाला नाही. किशोरी, ठरलंय तेच प्रेझेंटेशन दे.”

मीटिंगच्या दुपारी किशोरी पडद्यासमोर बसली. बाजूला सर, मागे स्टुलावर चाचा. पडद्यावर त्या देशाच्या बंदर खात्याच्या मुख्य बाई होत्या. पिकलेले केस, गळ्यात शिंपल्यांची माळ, चेहरा आपल्याकडच्या एखाद्या मुख्याध्यापिकेसारखा. त्यांनी आधी आभार मानले. तुमच्या अहवालांमुळे आमच्या छोट्या देशाची मान उंच झाली, म्हणाल्या. सरांनी हसून मान हलवली आणि किशोरीला खूण केली.

किशोरीने पहिली स्लाईड लावलीच नाही. पाठ केलेलं सगळं इंग्रजी बाजूला राहिलं.

“मॅडम, आधी एक सांगते. गेल्या चार वर्षांचे आमचे आकडे चुकीचे आहेत. तुमच्या बोटींचा धूर कमी झालेला नाही, वाढलाय. उभ्या बोटींचं तेल मी शून्य धरलं होतं. चूक माझी आहे.”

बोलून गेली! आता ते शब्द परत घेता येणार नव्हते. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. पडद्यावरच्या बाई इतक्या स्तब्ध झाल्या, की किशोरीला वाटलं नेट गेलं.

मग त्या हळूच म्हणाल्या, “धक्क्याजवळ राहणारी माणसं चार वर्षं आम्हाला हेच सांगतायत. मुलं खोकतात, वाळत घातलेले कपडे काळे होतात, बोटींची रांग कमी करा, दुसरा धक्का बांधा. ती अर्ज घेऊन यायची आणि मी स्वतः त्यांना तुमचा आलेख दाखवायचे. म्हणायचे, बघा, धूर कमी होतोय, तुम्हाला भास होतोय. एक म्हातारी तर मला म्हणाली होती, तुझ्या कागदाला नाक नाही, मला आहे. तिला मी घरी पाठवलं.”

इतकी वर्षं किशोरीला वाटत होतं, की आपण एका रकान्यात एक निरुपद्रवी शून्य लिहिलं. त्या शून्याने तिकडे समुद्रापार जित्याजागत्या माणसांची तोंडं बंद केली होती! तिने कधी न पाहिलेल्या कुणा म्हातारीला तिने खोटं पाडलं होतं.

“मला माफ करा,” एवढंच ती म्हणाली.

आणि तेव्हा शैलेशसर खुर्ची पुढे ओढून पडद्यासमोर आले. घसा खाकरत म्हणाले, “मॅडम, चूक एकट्या हिची नाही. शून्य टाकायला मी सांगितलं होतं. आणि चार दिवसांपूर्वी हिने मला सगळं दाखवलं, तेव्हाही मी झाकायला सांगितलं. ती माझी दुसरी चूक. ती पहिलीहून मोठी आहे.”

मागे चाचा “शाबास!” म्हणाले. त्यांच्या मते मनातल्या मनात.

बाई पाणी प्यायल्या. त्यांचा आवाज कोरडा झाला होता, पण खंबीर होता. “जूनमध्ये आमच्या मंत्रिमंडळापुढे दुसऱ्या धक्क्याचा विषय आहे. तोवर खरे आकडे द्या. वाढलेत तर वाढलेले द्या. आणि तुमची चूक पहिल्याच पानावर लिहा, कारण तो कागद मी आधी त्या म्हातारीला वाचून दाखवणार आहे.”

एप्रिल आला. पत्र आलं नाही. हेड ऑफिसने किशोरीला आणखी अकरा महिन्यांचं कंत्राट दिलं आणि सरांना खरमरीत ईमेल. दमयंतीकाकूंनी विचारलं, “काय गं, झालीस का साहेबीण?” तेव्हा किशोरी म्हणाली, “नाही झाले, काकू. माझ्या हातून मोठी चूक झाली होती, ती निस्तरतेय.” किशोरीला वाईट वाटलं नाही असं नाही; वाटलं, पुष्कळ वाटलं. पण या वेळी कंत्राटावर सही करताना पोटातला तो जुना गोळा मात्र नव्हता.

आणि काम तरी केवढं! त्या सातही जणांनी कंबर कसली. एकाच नाही, सगळ्या देशांच्या चार-चार वर्षांच्या तक्त्यांतलं प्रत्येक शून्य उकरून काढलं. हे शून्य कॅप्टनने लिहिलंय की आपण? आपण लिहिलं असेल तर खोडा आणि बोटीला विचारा. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर तिथे शून्य नाही, ‘माहीत नाही’ असं लिहायचं, हे सरांनी स्वतः सगळ्यांना लेखी दिलं. बेरीज अडली तर अडू दे म्हणाले. मे महिन्याच्या घामात, चाचांच्या आरडाओरड्यात ते काम चाललं. गप्प बसलेल्या चार बोटींपैकी तिघींनी शेवटी कंटाळून उत्तरं दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात चढत्या रेघेचा अहवाल गेला. त्याच्या पहिल्या पानावर चूक लिहिलेली होती आणि खाली दोन नावं होती, किशोरीचं आणि शैलेशसरांचं.

नागरिक बंधू-भगिनींनो, आपण लहान माणसं. आपलं गाव लहान, आपला रकाना लहान, म्हणून आपल्या खोट्याने कुणाचं काय जातं, असं आपण धरून चालतो. शाळेच्या हजेरीत, पाण्याच्या तपासणीत, कचऱ्याच्या गाड्यांच्या फेऱ्यांत आपण बिनधास्त आकडा टाकून मोकळे होतो. पण त्या आकड्याच्या पलीकडे कुणीतरी उभं असतं. त्याच्या घरात धूर येत असतो, त्याच्या नळाला गढूळ पाणी असतं, आणि आपला कागद त्याला सांगत असतो, की तुला भास होतोय! तेव्हा जे पाहिलं नाही ते लिहू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि चुकलंच, तर ते आपल्या तोंडाने सांगा, किंमत मोजावी लागली तरी सांगा.

त्या बेटावर दुसरा धक्का झाला की नाही, असं तुम्ही मला विचाराल. गोष्ट गोड व्हावी म्हणून ‘झाला’ असं लिहिणं माझ्या हातात आहे. पण खरं सांगतो, मला माहीत नाही.